शब्दाचे शेजारी कोण ठरवतो?

(जव्हार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



'संगणकाला भाषेतला अर्थ कसा कळतो' असा विषय पत्रिकेत छापला आहे. 'कळतो' हे क्रियापद संयोजकांचं. मी त्याच्याशी आत्ताच भांडत नाही. तासाभरात ते किती टिकतं ते तुम्हीच बघा.

या विषयासाठी पुण्या-बंगळुरूकडे बघायला हवं असं आपल्याला वाटतं. पण मोखाडा तालुक्यातल्या आमले गावाने यात आपला वाटा कधीच उचलला आहे. भाषेच्या संगणकीय साधनांवरची एलआरईसी नावाची आंतरराष्ट्रीय परिषद आहे. तिच्या २०२० सालच्या निबंधांमध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मंडळींचा एक निबंध आहे. संगणकाला मराठी ऐकायला शिकवायचं तर माणसांच्या आवाजाचा साठा लागतो. हा साठा एरवी शहरातल्या, शिकलेल्या मुलांकडून करून घेतात. तो कमी उत्पन्नाच्या माणसांकडूनही करून घेता येईल का आणि त्यांना त्यातून चार पैसे मिळतील का, हे त्यांनी तपासलं. गट तीन होते. एक आमल्याचा, दुसरा धारावीतल्या कुंभारवाड्याचा आणि तिसरा आयआयटी मुंबईतल्या विद्यार्थ्यांचा. ३६ माणसांनी मिळून १०९ तासांचं मराठी बोलणं भरून दिलं. पहिल्या दोन गटांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. तुम्हा-मला यात नवल काहीच नाही, पण जगाला पुरावा लागतो. याच प्रयत्नातून पुढे २०२१ मध्ये 'कार्य' ही ना-नफा संस्था उभी राहिली.

हे काम प्रत्यक्षात चालतं कसं? फोनच्या पडद्यावर एक वाक्य येतं. समोरचा माणूस ते मोठ्याने वाचतो. फोन आवाज साठवतो आणि त्या आवाजाला तेच वाक्य चिकटवून ठेवतो. अशी हजारो वाक्यं जमली की यंत्राला आवाजावरून अक्षरं लावता येऊ लागतात. या सगळ्या व्यवहारात अर्थाला कुणी हातही लावलेला नाही. वाचणाऱ्याला वाक्य समजलं की नाही, पटलं की नाही, हे विचारण्याची सोयच त्यात नाही. आणि दुसरी गोष्ट, जिच्याकडे मला आज तुमचं लक्ष वेधायचं आहे. आवाज आमल्याचा होता, वाक्य मात्र आमल्याचं नव्हतं. ते आधीच कुणीतरी, दुसरीकडे कुठेतरी लिहिलेलं होतं. हा त्या अभ्यासाचा दोष नव्हे. त्यांचा प्रश्नच वेगळा होता. पण आपला आवाज आणि दुसऱ्याचा मजकूर ही जोडी आज वारंवार भेटणार आहे.

बरं, अक्षरं मिळाली. पुढे? यंत्राला अक्षर म्हणजे आकडा. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिच्यात आपल्या 'म'चा क्रमांक २३५०. 'मोखाडा' म्हणजे काना-मात्रे धरून सहा चिन्हं, साठवायला अठरा बाइट. हे क्रमांक म्हणजे निव्वळ हजेरीपट. 'मोखाडा' आणि 'मोकळा' यांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत म्हणून त्यांचे अर्थ जवळ येत नाहीत. अर्थासाठी वेगळी तजवीज करावी लागते, आणि ती लोकांनी आजवर मुख्यतः दोन तऱ्हांनी केली आहे.

पहिली तऱ्हा कोशकारांची. १९८५ साली अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने वर्डनेटचं काम सुरू केलं. एकाच अर्थाच्या शब्दांचा एक संच करायचा आणि संचासंचांमध्ये नाती जोडायची. गाय हा प्राण्याचा प्रकार, शिंग हा गायीचा अवयव, चढणे आणि उतरणे एकमेकांच्या उलट. असं विणत गेलं की जाळं तयार होतं. आपल्याकडे पवईला, आयआयटी मुंबईत, प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने आधी हिंदीचं जाळं विणलं आणि त्याच्या आधाराने मराठीचं. मराठीच्या जाळ्याला त्यांनी 'शब्दबंध' असं छान नाव दिलं. चिकाटीचं काम आहे. माणसं बसून एकेका अर्थाची व्याख्या लिहितात, उदाहरण देतात. मला या कामाबद्दल आदर आहे, कारण इथे अर्थाची जबाबदारी कुणीतरी माणूस घेतो. चूक झाली तर कुणाकडे बोट दाखवायचं ते ठाऊक असतं.

पण जाळ्यात तेवढंच सापडतं जेवढं विणणाऱ्याला ठाऊक. 'सोंग' घ्या. पुण्या-मुंबईच्या मराठीत सोंग म्हणजे ढोंग. झोपेचं सोंग, आजाराचं सोंग. आपल्याकडे बोहाड्याच्या उत्सवात सोंग निघतं तेव्हा लोक हात जोडतात. ज्या घराण्याकडे ज्या देवाचा मुखवटा, ते घराणं तो जपतं. इथल्या सोंगाशी लबाडीचा काडीचाही संबंध नाही. देव आला आहे एवढंच. जाळ्यात या सोंगासाठी वेगळी गाठ मारावी लागेल, आणि ती मारायला बोहाडा पाहिलेलं माणूस लागेल. हिंदीच्या आधाराने पुढे जाताना ही गाठ आपोआप पडणार नाही.

दुसरी तऱ्हा अगदी उलट. कोश नको, व्याख्या नको, माणूस बसवायला नको. १९५०च्या दशकात अमेरिकेत झेलिग हॅरिस आणि इंग्लंडात जे. आर. फर्थ यांनी आपापल्या परीने एकच गोष्ट मांडली: शब्द कुणाच्या संगतीत वावरतो ते पाहा, त्याचा अर्थ हाती लागतो. नवी सून सासरी येते तेव्हा घरातली नाती तिला कुणी फळ्यावर लिहून देत नाही. कोण कुणाशेजारी बसतं, कोण आलं की कोण उठतं, हे बघूनच ती सगळं ओळखते. यंत्रही तसंच करतं. फक्त त्याच्या घरात कोट्यवधी वाक्यं असतात.

हे हातानेच करून बघू. समजा आपल्यापुढे मजकुराचा मोठा ढीग आहे आणि आपण 'नागली' या शब्दाच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात ते मोजलं. भाकरी बारा वेळा, आंबील चार, खळं सात, डिझेल शून्य. मग 'नाचणी' मोजली. भाकरी पंधरा, आंबील पाच, खळं दोन, डिझेल शून्य. मग 'जीप'. भाकरी शून्य, आंबील शून्य, खळं एक, डिझेल वीस. आता प्रत्येक शब्द म्हणजे चार आकड्यांची एक ओळ झाली. नागलीची आणि नाचणीची ओळ एकमेकींसारखी दिसते, जीपची फटकून. नागली म्हणजेच नाचणी हे यंत्राला कुणीही सांगितलं नाही, तरी त्याने दोघींना शेजारी बसवलं. मला अजूनही ही गोष्ट चकित करते. २०१३ मध्ये गूगलमधल्या टोमास मिकोलोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर आणि झटपट करण्याची रीत काढली. इंग्रजी बातम्यांवर शिकवून त्यांनी जी यादी खुली केली, तिच्यात एकेका शब्दाला तीनशे आकडे आहेत. त्या आकड्यांना सुटं सुटं काही नाव नसतं. सगळे मिळून शब्दाची जागा सांगतात.

पण माझ्या त्या चार आकड्यांकडे पुन्हा बघा. नाचणीपाशी खळं दोन वेळा, नागलीपाशी सात. आकडे मी कल्पनेतले घेतले असले तरी फरक खरा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं तेव्हापासून शहरी मजकुरातली नाचणी कॅल्शियम, मधुमेह, बिस्किटं आणि 'सुपरफूड' यांच्या मेळ्यात बसली आहे. आपली नागली बसते ती राब, आवणी, वरकस, खळं, कणगी यांच्या पंगतीत. राब भाजणं, त्यावर रोप टाकणं, पाऊस लागला की उतारावर आवणी करणं, हे सगळं नागली या शब्दाच्या आत आहे. धान्य एकच, संगत वेगळी. यंत्राच्या हिशोबाने संगत वेगळी म्हणजे अर्थ वेगळा, आणि या बाबतीत यंत्राचं बरोबर आहे. मात्र छापील मराठीत पहिली संगत दुसरीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे दोन्ही शब्द शेजारी बसले की नागलीच नाचणीच्या घरी राहायला जाते, नाचणी इकडे येत नाही. 'राब' हा शब्द तर छापील मजकुरात बहुधा 'राब राब राबणे' यातलाच समजला जाईल.

आता हाच हिशोब आपल्या तालुक्यांच्या नावांना लावा. 'जव्हार', 'मोखाडा' हे शब्द महाराष्ट्राच्या छापील मजकुरात कुणाच्या शेजारी बसलेले असतात? १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीला बालकं दगावली, त्याची बातमी देशभर गेली. तेव्हापासून पेपरात आपलं नाव येतं ते कुपोषण, बालमृत्यू, टंचाई, टँकर, स्थलांतर यांच्या हातात हात घालून. यातलं काही खोटं नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे, रेतीबंदरांकडे जाणारी कुटुंबं मी तुम्हाला सांगायला नकोत. वार्ताहराने मृत्यूची बातमी दिली नसती तर तो गुन्हा ठरला असता. पण नागली उगवली, लग्नाचा चौक लिहिला गेला, तारपा वाजला, ही बातमी होत नाही. आणि जे छापलं गेलं नाही त्याला यंत्राच्या जगात आकडा नाही. संगतीवरून अर्थ लावणाऱ्या यंत्राला मोखाडा या नावाचा अर्थ 'उपासमार' या दिशेला सापडला तर त्याने काही चूक केली असं म्हणता येत नाही. त्याने आपली संगत बरोबर मोजली. संगत निवडली दुसऱ्याने.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलं आहे असंही नाही. मघाच्या त्या इंग्रजी यादीचा २०१६ मध्ये काही संशोधकांनी तपास केला. पुरुषाचं प्रोग्रॅमरशी जे नातं, ते बाईचं कशाशी, असं विचारलं तर यादी 'गृहिणी' असं उत्तर देत होती. कुणी तिला तसं शिकवलं नव्हतं. बातम्यांमध्येच बाया तिथे बसलेल्या होत्या. अमेरिकेतल्या बायांना निदान स्वतः लिहून मजकुराचं पारडं फिरवता येतं. आपल्या भागाबद्दलचं मराठी पुष्कळसं आपण लिहिलेलं नाही. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० सालचं पुस्तक वारल्यांच्या लढ्याचं आहे, आणि ते सोसून, त्या माणसांत राहून लिहिलेलं आहे. तरी लिहिणारा हात वारल्याचा नव्हता, हे गोदुताईंनीही नाकारलं नसतं.

कुणी म्हणेल, आता काळ बदलला, नवी यंत्रं शब्दाला एकच जागा देऊन थांबत नाहीत. खरं आहे. २०१७ मध्ये गूगलमधल्या आठ जणांनी, पहिलं नाव आशिष वासवानी, ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली. तिच्यात वाक्यातला प्रत्येक शब्द उरलेल्या शब्दांकडे बघतो, कुणाला किती मान द्यायचा ते ठरवतो आणि त्याप्रमाणे आपले आकडे बदलतो. 'वर' हा शब्द मुंडावळ्यांपाशी आला तर नवरा होतो, कौलांपाशी आला तर दिशा. आज बोलणारी, लिहिणारी जी यंत्रं आपण फोनवर बघतो ती याच रचनेवर उभी आहेत.

गंमत म्हणजे हा वाद आपल्या मीमांसकांनी बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी भांडून घेतला होता. कुमारिलाच्या बाजूचे म्हणत, आधी सुट्या शब्दांचे अर्थ कळतात, मग ते एकमेकांशी जोडले जातात. प्रभाकराच्या बाजूचे म्हणत, सुटा अर्थ असा नसतोच. शब्द जोडलेल्या अवस्थेतच अर्थ देतो. २०१३ ते २०१७ या चार वर्षांत संगणकवाले कुमारिलाकडून प्रभाकराकडे गेले असं मी थट्टेने म्हणतो. संस्कृतात सगळं आधीच होतं असा दावा करणाऱ्यांना मात्र मी टाळी देणार नाही. त्या पंडितांना यंत्र बनवायचं नव्हतं. पण त्यांच्याही आधीच्या भर्तृहरीची एक यादी इथे कामाची आहे. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरतो ते त्याने 'वाक्यपदीया'त सांगितलं आहे. त्यात संयोग आहे, साहचर्य आहे, दुसऱ्या शब्दाचं सान्निध्य आहे. इथपर्यंत यंत्र येऊन पोचलं. त्याच यादीत पुढे देश आणि काल आहेत. बोलणारा कुठला आणि बोलतोय कधी.

देश सुटला की काय होतं ते पाहा. वारल्यांच्या घरात 'हिरवा' हा देव आहे. 'औंदा हिरवा मांडायचा आहे' हे वाक्य इथे कुणालाही कळेल. छापील मराठीवर वाढलेलं यंत्र आजूबाजूला बघून बघून रंगाकडेच जाईल, कारण त्याने पाहिलेल्या मजकुरात हिरवा हा शब्द साडीपाशी, झाडापाशी आणि सिग्नलपाशी बसतो. पण देव चुकला तर देव बघून घेईल. जमीन चुकली तर कोण बघणार?

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात 'प्लॉट' म्हणजे काय हे मी सांगायला नको. जंगलातला कसलेला तुकडा, फॉरेस्ट प्लॉट. मुंबईच्या मजकुरात प्लॉट म्हणजे बिल्डर, एनए, गुंतवणूक, भाव. आणि 'एकसाली' म्हणजे वनखात्याने वर्षावर्षाच्या बोलीने कसायला दिलेली जमीन, जी प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्या तेच कुटुंब कसत आलं. आता समजा, उद्या वनहक्काचे दावे लिहायला, तपासायला कुठल्या कचेरीत असं यंत्र बसलं. एक म्हातारा येऊन बोलतो: 'आमचा एकसाली प्लॉट हाय, बापाच्या टायमापासून.' आवाजाची अक्षरं बरोबर उतरतील; आमल्यासारख्या गावांनी ते शिकवलेलंच आहे. पण यंत्र त्याचा गोषवारा 'अर्जदाराकडे एक वर्षाच्या कराराने घेतलेला भूखंड आहे' असा करू शकतं. भाषा शुद्ध, व्याकरण बिनचूक. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. त्या एका गोषवाऱ्यात बापाचा काळ पुसला गेला आणि दाव्याचा पायाच गेला. वरचा साहेब तो गोषवारा वाचणार, म्हाताऱ्याला नाही. मी आज कुठल्या कचेरीत हे घडलं असं म्हणत नाही. घडायला कुठलीही तांत्रिक अडचण नाही, एवढंच म्हणतो.

मग उपाय काय? 'आमच्या बोलीत भाषांतर करा' ही मागणी लगेच पुढे येते. तिच्याबद्दल मी थोडा साशंक आहे, आणि त्याचं कारण जुनं आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली छापला. त्यात ठाणे जिल्ह्यातल्या वारली, कातकरी अशा बोलींचे नमुने आहेत. बोलीबोलींची तुलना करता यावी म्हणून सगळीकडे एकच गोष्ट नेमून दिली होती, बायबलातली उधळ्या मुलाची. बापाकडून वाटणी मागून घेणारा मुलगा, परमुलखात उधळपट्टी, डुकरं राखण्याची पाळी, परत आल्यावर अंगात झगा आणि बोटात अंगठी. क्रियापदं कशी चालतात, प्रत्यय कसे लागतात, हे त्यातून उत्तम कळलं. पण वारल्याने राबाबद्दल काय म्हटलं असतं, कणसरी देवीबद्दल काय, सावकाराबद्दल काय, हे त्या गोष्टीतून कळणार नव्हतं. बोली आमची, गोष्ट त्यांची. २०२२ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीने दोनशे भाषांच्या भाषांतरासाठी जो कसोटीसंच काढला, त्याची रीत याहून फार निराळी नाही. इंग्रजी विकी-प्रकल्पांतली तीन हजारांवर वाक्यं सगळ्या भाषांत उतरवलेली. मराठी त्यात आहे. मोजमापासाठी असा संच लागतो, हे मान्यच. पण मोजपट्टीलाच लोक साठा समजतात तिथे घोळ होतो.

सरकारी पातळीवर हालचाल आहे. केंद्र सरकारचा 'भाषिणी' हा भाषांतराचा प्रकल्प २०२२ पासून चालू आहे. मद्रास आयआयटीच्या एआय४भारत गटाने २०२३ मध्ये आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांसाठी भाषांतराचं यंत्र खुलं केलं. त्या बावीसमध्ये वारली नाही, कातकरी नाही, कोकणाही नाही. आदिवासी कार्य मंत्रालयाचं 'आदि वाणी' २०२५ मध्ये आलं, त्याची सुरुवात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडीने झाली. यादीत नाव यावं म्हणून निवेदनं देणं आलंच, ती द्या. पण नाव आल्यावर पुन्हा पडद्यावर दुसऱ्याची वाक्यं आली आणि आपण ती वाचून दाखवली, तर आमल्याच्या पुढे आपण पाऊलभरही सरकलो नाही.

माझ्या मते उलट्या टोकाने सुरुवात करायला हवी: आधी बोलणं, मग लिहिणं, भाषांतर सगळ्यांत शेवटी. ग्रामसभेत दाव्यांच्या वेळी जुनी माणसं जे सांगतात, शीव कुठून कुठे, कुठल्या ओढ्याला काय नाव, कुणाच्या बापाने कुठे राब भाजला, ते त्यांच्या बोलीत, त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित व्हावं. ते लिहून काढायला गावातलीच शिकलेली पोरं बसवावीत आणि त्यांना आमल्यात दिला तसा मोबदला द्यावा. आणि तो साठा ग्रामसभेच्या मालकीचा राहावा. पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या प्रथा-परंपरा जपण्याचा अधिकार दिला आहे. भाषेचा साठा त्यात बसतो की नाही यावर वकिलांनी खुशाल डोकं चालवावं. हे काम फार मोठं नाही. 'प्लॉट', 'एकसाली', 'राब' यांची खरी संगत दाखवणारी काही हजार वाक्यं जमली, तरी तयार यंत्राला या भागापुरतं वळण लावता येतं. त्याला शून्यापासून शिकवावं लागत नाही.

लग्न लावणाऱ्या धवलेरींची गाणी मात्र या साठ्यात घाईने ओतू नयेत. लग्नाचा चौक लिहून झाला, पालघट देवी बसली, की ती गाणी म्हणायची. एरवी ती म्हणत नाहीत. संशोधकाला ती सोन्यासारखी वाटणार, कारण त्यांत सगळ्यांत जुने शब्द आहेत. पण जी गाणी प्रसंगाबाहेर उच्चारायची नाहीत ती अशा यंत्रात घालायची का, जे ती कुठेही, कुणासाठीही, कशाशीही जोडून परत ओकेल? हा निर्णय माझ्यासारख्या व्याख्यात्याने घेऊ नये. शिक्षण खात्यानेही घेऊ नये. तो त्या त्या पाड्यातल्या धवलेरींनी घ्यावा, आणि तोवर आपण शिवेच्या आणि प्लॉटच्या कामाला लागावं. प्रश्न असतील तर ते तुमच्या बोलीत विचारा. मला समजलं नाही तर शेजारी बसलेले समजावून देतील.